केमनची नोंद: दुसऱ्या गिअरमधली मजा

गाडी तीच. २०१४ची पोर्श केमन, ९८१ पिढीतली, सेकंड हँड घेतलेली. २.७ लिटरचं फ्लॅट सिक्स (आडवं बसवलेलं सहा सिलिंडरचं इंजिन), २७५ अश्वशक्ती, सात गिअरचा पीडीके, म्हणजे पोर्शचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मागच्या नोंदीनंतर नवं काहीही बसवलेलं नाही आणि एक्झॉस्टही कंपनीचाच आहे. कायद्याने आवाजासाठीचा दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो, पण खरं कारण ते नाही. खरं कारण शेजारचे काका. "काय गो, विमान काढलंस?" हे त्यांनी हसून विचारलं तोवर ठीक आहे. म्हणून आता गाडी सुरू केली की वाड्यात उभी ठेवून तापवत बसत नाही. लगेच निघते आणि तेल तापेपर्यंत ४००० आरपीएमच्या वर जात नाही. इंजिनालाही तेच बरं असतं.

या मोसमात मी वेगाचा नाद सोडला, असं म्हणणं खोटं ठरेल. त्याचं गणित मात्र नीट मांडलं. या गाडीचा दुसरा गिअर लाल रेषेपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या कमाल फेऱ्यांपर्यंत नेला की काटा ताशी १२० किलोमीटर ओलांडतो. गोव्यातल्या कुठल्याही पाटीवर एवढा आकडा नाही. म्हणजे उरलेले पाच गिअर पेट्रोल वाचवायला! मग मजा शोधायची कुठे? माझं उत्तर: ब्रेक सोडून स्टीअरिंग वळवायला लागण्याच्या त्या अर्ध्या क्षणात. पुढची चाकं वजन घेतात, गाडी वळणात बसते, आणि हे सगळं ५०लाही तितकंच स्पष्ट जाणवतं. केमन घेताना लोक म्हणाले होते की याच पैशांत जास्त ताकदीची गाडी मिळाली असती. मिळाली असती, पण गोवा-बेळगाव रस्त्यावरच्या चोर्ला घाटात ती ताकद वापरणार कुठे?

तर चोर्ला. फोंड्याहून उसगाव, होंडा, साखळी आणि मग पर्ये, केरी. उसगाव ते होंडा हा पट्टा मी प्रवासातच धरत नाही. खनिजाचे ट्रक चालू असले की डांबरावर लाल माती आणि बारीक खडी असते, आणि रुंद टायर ती उचलून स्वतःच्याच दारांवर मारतात. या पट्ट्यात पुढच्या ट्रकपासून भरपूर अंतर ठेवायचं, काचा बंद ठेवायच्या आणि ओव्हरटेक करायचा नाही. अंजुणे धरण मागे पडलं की खरी सुरुवात.

या वेळी घाटात एकाच गोष्टीवर काम केलं: जेवढा रस्ता दिसतो त्याच्या निम्म्यात थांबता आलं पाहिजे. निम्म्यात अशासाठी, की समोरचाही तेवढ्याच वेगाने येत असतो आणि अरुंद वळणावर तो थोडा माझ्या बाजूला असणार हे गृहीत धरायचं. ६०ला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. भानावर येऊन ब्रेकवर पाय पडायला एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरांनी थांबायला एकूण ३५ मीटर लागतात. ८०ला हाच आकडा ५०च्या वर जातो. आता चोर्लाच्या आंधळ्या वळणांवर किती दिसतं ते आठवा. मी बहुतेक वळणांवर वेग ४०च्या आसपास आणला. आधी कंटाळवाणं होईल असं वाटलं होतं, झालं उलट. वळणाच्या आधी ब्रेक, स्टीअरिंगमागच्या पॅडलने एक गिअर खाली, वळणभर अॅक्सिलरेटर किंचित लावून ठेवलेला, आणि रस्ता उघडला की हळूहळू जास्त.

ते किंचित लावून ठेवणं केमनसारख्या गाडीत फार महत्त्वाचं. इंजिन मध्यावर असल्याने गाडी पटकन वळते, आणि त्याच कारणाने वळणाच्या मध्ये दचकून पाय उचलला तर तितक्याच पटकन मागून सुटूही शकते. वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरती गाडी आपोआप आवरणारी यंत्रणा, सावरतो, म्हणून मी तो बंद करत नाही. सार्वजनिक रस्त्यावर तो बंद करून कसब दाखवणाऱ्यांबद्दल माझं मत इथे छापण्यासारखं नाही.

आणि पहाटेचा घाट रिकामा असतो हा आपल्या मंडळींचा लाडका गैरसमज. बेळगावहून भाजीचे टेम्पो त्याच वेळी उतरत असतात. चालक रात्रभर जागा असतो, त्याला बाजार गाठायचा असतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी असा नियम आहे, म्हणजे अरुंद जागी हक्क माझा. तो मी वापरत नाही. टेम्पोवाला कामावर आहे, मी खेळतेय. आत घेऊन थांबते, दिवा दाखवते, तो हात करतो.

गावांचं गणित वेगळं. पहाटे सायकलवरून पाव वाटणारा पदेर, फुटपाथ नसल्याने रस्त्यावरूनच चालणारी ज्येष्ठ मंडळी, पेपरवाल्याची स्कूटर, गुरं. इथे ३०, आणि गाडी ऑटोमध्ये टाकून आवाज खाली. गतिरोधक हा दुसरा विषय. मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा. ज्याने टेकडी बांधली त्याने मानक वाचलेलं नसतं. तिरकं, एकेक चाक करत उतरायचं, मागच्याला आधी इंडिकेटरने सांगून.

दक्षिणेकडे काणकोण बायपास. तळपण आणि गालजीबाग नद्यांवरचे पूल, सरळ, रुंद, सुंदर, आणि आमच्या कामाचा नाही. सरळ रस्त्यावर वेग सोडून करण्यासारखं काही उरत नाही. अलीकडचा करमल घाट अरुंद, बसगाड्यांनी भरलेला. तिथे रांगेत जायचं. कळंगुट-बागा पट्ट्यात डिसेंबरच्या रात्री इंजिनं भुंकवत फिरणाऱ्या लाल-पिवळ्या गाड्यांबद्दल विचारू नका.

गटाचं सांगते. मडगावचा बॉक्सस्टरवाला, म्हापशाचे डॉक्टर त्यांची ९११ घेऊन (दोन्ही पोर्शच), आणि मी. तीनच गाड्या, चौथी नको असं ठरलंय. चार झाल्या की मिरवणूक होते, आणि मिरवणुकीच्या मागे मोबाईल धरलेली मोटरसायकल लागते. तो पोरगा एका हाताने चालवतोय हे दिसलं की आम्ही बाजूला थांबून चहा पितो. एकमेकांना ओव्हरटेक करायचं नाही, आणि पुढची गाडी दिसेनाशी झाली तरी पाठलाग नाही, पुढच्या तिठ्यावर ती थांबलेली असतेच. डॉक्टरांनी एकदा पॉलिसी मोठ्याने वाचून दाखवली: रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग हे सगळं विम्याच्या बाहेर. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम १८९, रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्याच वेळी तुरुंगाचीही तरतूद. चहा गार झाला, पण गटात नंतर कुणी 'जरा बघू या' म्हटलं नाही.

ज्याला बघायचंच आहे त्याच्यासाठी ट्रॅक आहे. गोव्यात कायमस्वरूपी एकही नाही, हे दुखणं जुनं. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा, चेन्नईजवळचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट त्याहून मोठा. बॉक्सस्टरवाला पावसाळ्यानंतर कोइमतूरला ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर चालवू देणारा दिवस, शोधतोय. गाडी फ्लॅटबेड ट्रकवर लादून न्यायची, कारण ट्रॅकवर तापलेले ब्रेक आणि झिजलेले टायर घेऊन तोच माणूस थकून घाटरस्त्याने परत येणं मला पटत नाही.

पावसाळ्यात केमन बंद राहील. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतात, आणि आपल्याकडे जूनमध्ये रस्ता कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होतं तेच कळत नाही. बॅटरी उतरू नये म्हणून तिला मेंटेनर (हळू चार्ज करत राहणारा चार्जर) लावायचा, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवायची, आत दमट हवा शोषणारे डबे. मागचे २६५/४५ आर १८ बदलायला आलेत. खाच अजून दिसते, पण टायरच्या बाजूवरचे बनवल्याच्या तारखेचे चार आकडे बघितले तर रबर म्हातारं झालंय. कुणी याच मापाचे टायर गोव्यात मागवले असतील तर ताजी तारीख मिळाली का, तेवढं सांगा.