अक्रोडाचे स्कोन आणि माझी साडेचार वर्षांची लेक

आठवडाभर शाळेसाठी उठवताना नाकी नऊ येतात आणि शनिवारी मात्र साडेसहालाच टक्क जागी! गेल्या शनिवारी म्हटलं चल, आज पोहे नकोत, आपण दोघी मिळून नाष्ट्याला स्कोन करू, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेले ते छोटे, जाड, पाव आणि बिस्किट यांच्या मधले इंग्लिश प्रकार, अक्रोडाचे. तोंडही न धुता स्टूल ओढत ओट्यापाशी हजर.

आम्ही दोन वर्षं इंग्लंडमध्ये होतो तेव्हा मी स्कोन पहिल्यांदा खाल्ला आणि प्रेमातच पडले. तिथे ते खरं तर दुपारच्या चहाबरोबर खातात, पण आमच्याकडे ते सकाळीच होतात कारण लेकीचा उत्साह सकाळी असतो. आणि पुण्यात हेच थंडीचे दिवस स्कोनचे, मे महिन्यात मी करतच नाही, बटर हातात घेतलं की वितळायला लागतं.

आधी अक्रोड. तव्यावर मंद आचेवर पाच-सहा मिनिटं परतले आणि गार झाल्यावर पंचात घेऊन चोळले, म्हणजे वरचं तपकिरी साल बरंचसं निघून येतं, कडवटपणा त्या सालातच असतो. मग खलबत्ता तिच्या ताब्यात. अक्रोड अगदी बारीक व्हायलाच हवेत, पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा सुकामेवा द्यायचा नाही, घशात अडकू शकतो, आणि या बाबतीत मी "एखाद्याने काय होतंय" हे कुणाचंही ऐकत नाही. ती कुटत होती, मध्येच थांबून बोट घालून बघत होती, "आई, हा अजून मोठा आहे" म्हणून तेवढाच तुकडा परत कुटत होती.

प्रमाण सांगते. 200 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम कणीक, 3 छोटे चमचे बेकिंग पावडर, 2 मोठे चमचे साखर, 60 ग्रॅम अक्रोड, 60 ग्रॅम बटर. आपलं पिवळं बटर खारट असतं त्यामुळे वेगळं मीठ नाही. आणि साधारण 130 ते 150 मिली गार ताक, ते सगळं एकदम ओतायचं नाही.

आता खरी मजा, बटर पिठाला चोळणं. शंकरपाळ्याला आपण मोहन घालतो ना, कडकडीत, आणि मूठ वळली की समजतं झालं, इथे तेच काम पण उलट, बटर फ्रीजमधून काढलेलं थंडगार आणि ते वितळूच द्यायचं नाही. तळहात लावायचा नाही, फक्त बोटांची टोकं. आणि हे मला इतकी वर्षं नीट जमत नव्हतं, पोळ्यांची सवय, हात आपोआप मळायलाच लागतो. लेकीला ती सवयच नाही! ती चिमटीत पीठ आणि बटर घेते, अंगठ्याने पुढे सरकवते आणि वरून सोडून देते, पाऊस पाडते म्हणे. दहा मिनिटं पाऊस चालला होता. मध्ये मटारच्या दाण्याएवढे तुकडे राहिले होते, ते मी तसेच ठेवले, कारण ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि तीच पदर उचलते. तिने केलेलं मी परत नीट करायला घेतलं असतं तर बिघडलंच असतं.

ताक घालून नुसतं गोळा केलं. सासूबाई तेवढ्यात आत आल्या, "अगं, किती भेगा आहेत त्याला, जरा मळ की." म्हटलं आई, हे मळायचं नाही, मळलं की चिवट होतात. तर लेक लगेच, "आजी, हात लावू नको हं!" आजी हसल्या आणि तिथेच खुर्ची ओढून बसल्या.

गोळा हातानेच थापायचा, बोटाच्या एका पेराएवढा जाड, आणि फुलपात्राने कापायचा. फुलपात्र सरळ खाली दाबायचं आणि सरळ उचलायचं. पूर्वी मी गोल फिरवून काढायचे आणि सगळे एका बाजूला कलायचे, कडा दाबल्या जातात म्हणून. हे कळल्यापासून ताठ उभे राहतात. कच्चं पीठ मात्र चाटू देत नाही, त्यावरून दोन मिनिटं रुसवा झाला.

ओटीजी, म्हणजे आमचा छोटा ओव्हन, 220 अंशांवर आधी पंधरा मिनिटं तापवलेला, वरून दुधाचा हात, 13 मिनिटं. ती पूर्ण वेळ काचेसमोर मांडी घालून. सातव्या-आठव्या मिनिटाला ते एकदम वर यायला लागले तेव्हा किंचाळलीच.

इंग्लंडमधल्या डेव्हन भागात स्कोनवर आधी क्रीम मग जॅम लावतात, शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम, आणि दोघंही आपलंच बरोबर म्हणतात. तिथलं ते घट्ट क्रीम म्हणजे आपल्या सायीच्या फार जवळचं, मंद तापवून वर आलेलं. म्हणून आम्ही गरम स्कोन हाताने उघडून आधी जाड साय लावली, मग पाचगणीहून आणलेला स्ट्रॉबेरी जॅम. सासूबाईंनी काहीच न लावता चहात बुडवून खाल्ला, दुसराही मागितला.

आठ झाले असते, पण चारच भाजले. बाकीचे कच्चेच कापून फ्रीजरमध्ये ठेवलेत, ते तसेच थेट ओव्हनमध्ये जातात, फक्त तीन-चार मिनिटं जास्त लागतात. काल रात्री झोपताना विचारत होती, "आई, माझे चार स्कोन आहेत ना अजून?"

आहेत गं, शनिवारपर्यंत कोणी हात लावणार नाही.