चाकात पाणी

आमच्या दारातला लाल बी-275 ट्रॅक्टर माझ्यापेक्षा वयानं मोठा. साठच्या दशकात कांदिवलीत हे मॉडेल बनायला लागलं. आमचा बऱ्याच वर्षांनी आला, तोही सेकंडहँड. 35 एचपी म्हणजे आजच्या मानानं पोरगंच, पण आबा त्याला ‘गडी’ म्हणतात.

यंदा उसाची सरी रुंद काढायची, म्हणून मागची चाकंही रुंद करायची ठरली. चाकाची लोखंडी डिश बशीसारखी खोलगट असते. ती उलटी केली की चाक बाहेर सरकतं. मी जॅक लावला, जागच्या जागी दोन्ही चाकं पलटली, नट आवळले. अर्धा दिवस गेला. आबा चहा घेऊन आले, मागं उभे राहिले आणि म्हणाले, “गड्याला उलटी चप्पल घातलीस की रे!”

मागून बघताना टायरचे दात घराच्या आढ्यासारखे दिसले पाहिजेत, टोक वर. माझे खाली. असं चाक चिखल बाहेर टाकायच्या ऐवजी मधे गोळा करतं. डावं उजवीकडं आणि उजवं डावीकडं घातलं असतं तर डिशही उलटली असती आणि दातही सरळ राहिले असते. पुन्हा सगळे नट.

मग चाक जागेवर घसरू नये म्हणून वजन. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, वजनं महाग, पाणी फुकट. चाक उचलून व्हॉल्व्ह वरच्या अंगाला आणायचा, पिन काढायची, पाइप लावायचा. मधून मधून पाइप काढून हवा सोडावी लागते, तेव्हा ते तोंडावर फुर्रकन थुंकतं. पाणी व्हॉल्व्हच्या तोंडाशी आलं की टायर पाऊण भरलं; वरची पाव जागा हवेची. आमच्या टायरात दीडशेक लिटर मावतं, म्हणजे तेवढेच किलो. पंक्चरवाला मात्र असलं चाक बघितलं की तोंड वाकडं करतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

पुढं वजन म्हणून लहानपणी चुलते बंपरवर बसायचे. उसाची ट्रॉली चढाला लागली की पुढची चाकं हलकी व्हायची, स्टेअरिंग ऐकायचं नाही. आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. बिडाच्या पाट्यांना तेवढे पैसे मी मुकाट्यानं दिले.

शेवटी आबांची परीक्षा. टायरवर खडूची रेघ मारून, नांगर उचलून चाकाच्या 10 फेऱ्या: 50 पावलं. नांगर काळ्या रानात घालून पुन्हा 10. पाणी भरायच्या आधी 39 पावलं भरली होती, बाकीचं सगळं चाकाचं जागेवर खरवडणं. आता आबा मोजत निघाले. एक्केचाळीस, बेचाळीस... आणि खिशातला फोन वाजला.

“कितीवर होतो रे मी?”

मी इंजिनाकडं बघत होतो. पुन्हा पहिल्यापासून.