भाचीला वानुआतू मिळालं

मागच्या महिन्यात एका शनिवारी दुपारी भाची घरात शिरली ती दप्तर सोफ्यावर फेकतच. म्हटलं काय झालं गं, तर म्हणे "आत्या, मला वानुआतू आलंय." मला आधी वाटलं शाळेत काहीतरी साथ-बीथ पसरली असेल. मग हळूहळू कळलं की ते मॉडेल यूएन असतं नं शाळेत, मुलांनी कोट-टाय घालून एकेका देशाचा राजदूत व्हायचं आणि दिवसभर इंग्रजीत भांडायचं, त्याच्या चिठ्ठ्या निघाल्या, मैत्रिणीला अमेरिका आली, दुसरीला फ्रान्स, आणि हिला वानुआतू. नववीतली मुलगी पण डोळ्यात पाणी. रावपुऱ्यातून सेव उसळ आणली होती, ती पुढे ठेवली, तर नुसता पाव तरीत बुडवून तसाच धरून बसली.

बाबा आतून म्हणाले, "अगं राजदूत म्हणजे गाडीवर झेंडा, बंगला, रोज पार्ट्या, रडतेस काय?" बाबांची राजदूताची कल्पना जुन्या हिंदी पिक्चरमधली आहे. त्यावर ती आणखी चिडली, म्हणे वानुआतूच्या झेंड्याकडे कोण बघणार.

मग काय, एका क्लायंटचं जीएसटी रिटर्न बाजूला ठेवून आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन बसलो आणि मी अशी अडकले की रात्रीचे दीड वाजले, भाची कधीच झोपली होती.

पहिली गंमत म्हणजे यूएनमधला राजदूत आपल्या नेहमीच्या राजदूतासारखा नसतोच. दिल्लीत दुसऱ्या देशाचा राजदूत येतो तेव्हा राष्ट्रपतींना आपलं परिचयपत्र देतो, ते फोटो आपण पेपरात बघतो. न्यूयॉर्कला यूएनमध्ये जो जातो तो ते पत्र सरचिटणीसांच्या हातात देतो, कारण तिथे राजा नाही की राष्ट्रपती नाही, समोर देशच नाही, एक संस्था आहे आणि तिच्यात बाकीचे १९२ देश बसलेत. त्याचं अधिकृत नाव स्थायी प्रतिनिधी. यातलं स्थायी म्हणजे कचेरी, माणूस नव्हे, माणसं येतात आणि जातात. आपल्या भारताचेच बघा, सय्यद अकबरुद्दीन २०१६ ते २०२०, मग तिरुमूर्ती २०२२ पर्यंत, मग रुचिरा कंबोज, आणि २०२४ पासून पी. हरीश. कंबोज बाई या पदावर आलेल्या पहिल्या भारतीय बाई, तेही २०२२ साली, म्हणजे बघा. न्यूयॉर्कमधल्या आपल्या कचेरीची बिल्डिंग मात्र चार्ल्स कोरियांनी डिझाइन केलेली, फोटोत सुरेख दिसते.

आता हा माणूस दिवसभर करतो काय? भाचीला समजावताना मला आमच्या ताईच्या याद्या आठवल्या. ताई म्हणजे मोठ्या काकांची मुलगी. सासर पुण्याचं, त्यामुळे याद्या पुण्यात करायच्या ठरल्या आणि आजी गुडघ्यामुळे जाऊ शकत नव्हती, म्हणून धाकट्या काकांना पाठवलं. आजीने निघताना सगळं पढवून ठेवलेलं, साड्या किती, मानपान कुणाकुणाचा, आणि मुख्य म्हणजे कार्यालयाचा खर्च आपण एकट्याने करायचा नाही. काका स्वभावाने एकदम भोळे, समोरच्याने चहा दिला तरी हो म्हणणारे. पण त्या दिवशी दर अर्ध्या तासाने "जरा येतो हं" म्हणून उठायचे आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून बडोद्याला फोन लावायचे. परत येऊन एकच वाक्य, "माझं वैयक्तिक काही नाही, पण आईचं असं म्हणणं आहे." तीन तास तेच. शेवटी यादीच्या कागदावर जिथे आधी "कार्यालय: वधूपक्ष" लिहिलं होतं तिथे खोडून "उभयपक्षी" लिहिलं गेलं आणि मग पेढे फुटले. तो कागद काकूने अजून जपून ठेवलाय, खाडाखोड स्पष्ट दिसते.

तर यूएनमधला राजदूत म्हणजे आमचे काका. बोलतोय तो, पण शब्द दिल्लीचे. त्याचं स्वतःचं मत काय आहे हे विचारायचंच नाही, असलं तरी ते खिशात. आणि न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा, म्हणजे तिकडे संध्याकाळी ऐन खल चाललेला असतो तेव्हा दिल्लीत मध्यरात्र उलटलेली. सूचना यायच्या आहेत असं म्हणून वेळ काढणं हीही तिथली एक कलाच दिसते, काकांना चांगली जमली असती.

आणि भांडण कशावर, तर शब्दांवर. मला हे खरंच माहीत नव्हतं. ठरावात प्रत्येक क्रियापदाचं वजन वेगळं. महासभा, म्हणजे जिथे सगळे देश बसतात ती, एखाद्या गोष्टीची नुसती नोंद घेते, का स्वागत करते, चिंता व्यक्त करते, का खेद व्यक्त करते, का सरळ निषेध करते, या प्रत्येक पायरीवर माणसं रात्र रात्र बसतात. ज्यावर एकमत नाही ते शब्द मसुद्यात चौकोनी कंसात टाकतात आणि मग एकेक कंस सोडवत जायचं, आपण बीजगणितात सोडवायचो तसं. सगळ्यात आवडलं ते मौनाचं. मसुदा सगळ्यांना पाठवतात, सांगतात की अमुक वाजेपर्यंत कुणी काही बोललं नाही तर मंजूर समजणार. २०२० मध्ये कोविडमुळे सगळे घरी बसले होते तेव्हा महासभेचे ठराव असेच पास झाले. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरी नेमकं हेच करतो आणि आम्ही त्याला शिव्या घालतो.

कधी कधी सूचनाच अशी असते की हो म्हणायचं नाही. १९९६ ला जिनिव्हात अणुचाचणीबंदीच्या कराराच्या वाटाघाटीत आपल्या राजदूत अरुंधती घोष होत्या, बाकी जवळजवळ सगळं जग एका बाजूला, आणि त्यांनी सांगून टाकलं की भारत या करारावर सही करणार नाही, आत्ताही नाही आणि नंतरही नाही. तिथे सर्वसंमती लागते म्हणून तो तिथे अडला, मग ऑस्ट्रेलियाने तो न्यूयॉर्कला महासभेत नेऊन १५८ विरुद्ध ३ ने मंजूर करून घेतला, त्या तिनात आपण, भूतान आणि लिबिया. बरोबर केलं की चूक यावर बाबा आणि माझा नवरा दोन दिवस वाद घालू शकतात, मी घालत नाही. मला फक्त त्या बाईंचा ताठ कणा दिसतो, एवढ्या लोकांसमोर बसून नाही म्हणायला जे लागतं ते.

मतं गोळा करणं हाही मोठा भाग आहे आणि इथे हे अगदी आपल्या बँकेच्या इलेक्शनसारखं चालतं. मतदान गुप्त, भेटला की प्रत्येक जण "हो हो, तुम्हालाच" म्हणणार, पेटी उघडली की खरं कळणार. १९९६ लाच सुरक्षा परिषदेच्या जागेसाठी आपण जपानशी लढलो, जपानला १४२ मतं आणि आपल्याला ४०. चाळीस! शब्द दिलेले कितीतरी असणार त्यात. आणि २०१७ चा किस्सा बरोबर उलटा. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या एका जागेसाठी आपले दलवीर भंडारी आणि ब्रिटनचे ग्रीनवुड. नियम असा की महासभा आणि सुरक्षा परिषद दोन्हीकडे बहुमत हवं. महासभेत आपण पुढे, परिषदेत ब्रिटन पुढे, फेऱ्यांवर फेऱ्या आणि निकाल नाही. अकबरुद्दीन आणि त्यांची टीम महासभेतले देश धरून बसली, एकेका फेरीत आपला आकडा वाढत गेला, शेवटी २० नोव्हेंबरला ब्रिटननेच माघार घेतली. मग भंडारींना १९३ पैकी १८३ आणि परिषदेत पंधराच्या पंधरा. १९४६ पासून पहिल्यांदाच त्या कोर्टात ब्रिटनचा न्यायाधीश नव्हता. बाबा हे ऐकून इतके खूश झाले की त्यांनी स्वतः उठून चहा केला, आणि हे आमच्या घरात ठराव पास होण्यापेक्षा दुर्मिळ आहे.

पण भाचीचं काय, तिचं वानुआतूच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं इकडे ये, वाच. पॅसिफिकमधली बेटं, लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास, म्हणजे आपलं बडोदं त्याच्या कितीतरी पट. पण मत एकच, आणि भारतालाही एकच. तिथल्या विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या पोरांनी २०१९ मध्ये कल्पना काढली की हवामान बदलाबद्दल देशांची कायदेशीर जबाबदारी काय हे आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारू या. वानुआतूने ती उचलली, देशोदेशी फिरून माणसं जोडली आणि मार्च २०२३ ला महासभेत ठराव आणला तेव्हा १३२ देश सहप्रस्तावक होते, मतदान घ्यायची वेळच आली नाही. जुलै २०२५ ला कोर्टाने सांगितलंही की हो, देशांवर तशी कायदेशीर जबाबदारी आहे. भाची वाचत गेली आणि मग एकदम म्हणाली, "म्हणजे अमेरिकेपेक्षा माझ्याकडे जास्त मटेरियल आहे." हो बाई.

आई इतका वेळ भाजी निवडत ऐकत होती. ती म्हणाली, "एवढं लांब कशाला जाता, आपल्या हंसाबेन नव्हत्या का." आई बडोद्याच्या होम सायन्सची ग्रॅज्युएट, आणि त्या पिढीतल्या इथल्या बायकांना हंसाबेन मेहता म्हणजे घरचंच माणूस. वडील मनुभाई मेहता बडोदे संस्थानचे दिवाण, नवरा जीवराज मेहता नंतर गुजरातचे पहिले मुख्यमंत्री, आणि त्या स्वतः १९४९ ला महाराजा सयाजीराव विद्यापीठ निघालं तेव्हाच्या कुलगुरू. होम सायन्स त्यांच्याच काळात सुरू झालं. मी स्वतः परीक्षेच्या आधी त्यांच्या नावाच्या लायब्ररीत पंख्याखालची जागा पकडायला सकाळी आठला सायकल हाणत जायचे, पाटीवरचं नाव रोज वाचायचे आणि मला पत्ता नव्हता की या बाईंनी काय केलंय.

त्या आजच्या अर्थाने स्थायी प्रतिनिधी नव्हत्या, मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. १९४७ च्या जानेवारीत पहिली बैठक, म्हणजे देश अजून स्वतंत्रही झालेला नव्हता. न्यूयॉर्कजवळच्या लेक सक्सेस नावाच्या गावात एका कारखान्याच्या इमारतीत तेव्हा यूएन भरायचं. आयोगात अठरा देश आणि बायका दोनच, अध्यक्ष एलेनॉर रूझवेल्ट आणि या आपल्या. मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहायचं काम या आयोगाकडे होतं, त्याच्या मसुद्यात पहिल्या कलमात लिहिलेलं होतं की सगळे पुरुष जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, इंग्रजीत तसंच लिहायची पद्धत. हंसाबेन म्हणाल्या हे चालणार नाही, उद्या कुणीतरी याचा अर्थ फक्त पुरुष असाच लावेल. रूझवेल्ट बाईंचं म्हणणं होतं की अमेरिकेत आम्हा बायकांना त्या शब्दामुळे वगळल्यासारखं कधी वाटलं नाही. यांनी धरून ठेवलं. आदल्याच वर्षी यांनी इकडे अखिल भारतीय महिला परिषदेसाठी बायकांच्या हक्कांची सनद तयार केलेली, त्यामुळे कागदावरचा शब्द उद्या काय करू शकतो हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. शेवटी १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसला जाहीरनामा मंजूर झाला तेव्हा पहिल्या कलमात सगळी माणसं असं आलेलं होतं. ४८ बाजूने, विरोधात कुणी नाही, ८ तटस्थ. एक शब्द, काकांच्या उभयपक्षीसारखा.

भाचीने हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि वर लाल पेनने लिहिलं, "शब्द धरायचा."

परवा झालं ते मॉडेल यूएन. विषय समुद्राची पातळी, म्हणजे हिचं नशीबच उघडलं. संध्याकाळी फोन आला, घसा पूर्ण बसलेला. मसुद्यात मोठ्या देशांना मदतीची "विनंती" होती, ही जेवणाच्या सुट्टीत डबा न खाता फिजी, मालदीव, बांगलादेश सगळ्यांना गाठत फिरली आणि तिथे "आवाहन" करून आणलं. अमेरिका तटस्थ राहिली आणि आता मैत्रीण बोलत नाहीये. मी म्हटलं दोन दिवसात बोलेल, उरलेला डबा तिला दे.

फोटो पाठवलेत. कोट भावाचा, बाह्या दुमडलेल्या, समोर टेबलावर देशाच्या नावाची पाटी. आईने चष्मा लावून मोबाईल लांब धरला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "वानुआतूचं स्पेलिंग चुकलंय गं." बघितलं तर खरंच, मधला यू गायब. दिवसभर ती पाटी तिथे होती आणि एकाही देशाने हरकत घेतली नाही.