बॅटरी पेटली!

आज संध्याकाळी भाची किंचाळली, "मामा, बॅटरी पेटली!" मी चहा टाकून धावलो. पेटली होती, पण स्क्रीनवर.

नववीचा धाराविद्युतचा धडा चाललाय. ऑनलाइन क्लासचा व्हिडिओ दीडपट वेगाने पळत होता आणि भाचीबाईंचं लक्ष खिडकीबाहेर. म्हणून तिला फेटचं (PhET, स्क्रीनवर विज्ञानाचे प्रयोग करून बघायची वेबसाइट) सर्किटवालं सिम्युलेशन उघडून दिलं. फुकट आहे. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये हा प्रकल्प सुरू केला. आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं.

तिने बॅटरीची दोन टोकं नुसत्या वायरने जोडली. भडका! मग 9 व्होल्टची बॅटरी, 10 ओहमचा रोध, प्रवाह 0.9 अँपिअर. रोध दुप्पट केल्यावर इलेक्ट्रॉनचे निळे ठिपके मंदावले. "अर्धं झालं की!" सूत्र मी सांगितलंच नव्हतं.

आमच्या शाळेत व्होल्टमीटर कुलुपात असायचा. चाचणी परीक्षेच्या दिवशीच दर्शन.

खऱ्या वायरचा चटका यात नाही, हे खरंच. म्हणून उद्या जुन्या टॉर्चचा बल्ब शोधतोय. ती मात्र अजून आगच लावत बसलीय, आणि माझा चहा गार.