३६,००० कुठून आले

टॅली म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, आणि टॅलीच्या क्लासमध्ये धंदा नेहमी आजच सुरू होतो. अमुक यांनी १,००,००० रुपये रोख आणून व्यवसाय सुरू केला, ही पहिली एन्ट्री. मग फर्निचर घ्या, माल घ्या, विका, भाडं द्या, आणि शेवटी बॅलन्सशीट दोन्हीकडून अशी टकाटक जुळते की आपल्याला वाटतं आपण सीएच झालो. नागपूरला सीताबर्डीत तीन महिने मी हेच केलं, सर्टिफिकेट घेतलं आणि एप्रिल २०१८ मध्ये इतवारीत शहीद चौकाजवळच्या एका भांड्यांच्या दुकानात लागली. तिथं पहिल्याच आठवड्यात समजलं की खरं दुकान कधी आजपासून सुरू होतच नाही, ते चाळीस वर्षांपासून मधातच असतं.

मालकांना सगळे भाऊ म्हणतात. जुलै २०१७ ला जीएसटी लागला तेव्हापासून बिलं एक बाहेरचा माणूस बनवून द्यायचा आणि हिशोब मात्र दिवाणजींच्या, म्हणजे दुकानाच्या जुन्या हिशोबनीसांच्या, लाल वहीत. आता १ एप्रिलपासून परराज्यात ५०,००० च्या वर माल पाठवायचा तर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन परवाना, पाहिजे झालं, आणि आमचं अर्धं गिऱ्हाईक मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाटचं. भाऊ म्हणाले, सगळं कॉम्प्युटरवर घ्या. सगळं म्हणजे एक नवीन कॉम्प्युटर, टॅली ईआरपी ९ आणि मी.

कंपनी बनवणं पंधरा मिनिटांचं काम. नाव, पत्ता, राज्य, फायनान्शियल इयर १-४-२०१८, बुक्स बिगिनिंग तीच तारीख, एफ११ दाबून जीएसटी चालू केला, २७ नं सुरू होणारा आमचा नंबर टाकला, सिक्युरिटी कंट्रोल लावून एक युजर माझा न एक भाऊंचा. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड नाही लावला, कारण क्लासच्या सरांनी भीती घातली होती की तो विसरला तर डेटा कोणीच उघडून देत नाही, आणि भाऊ तर एटीएमचा पिन काउंटरच्या भिंतीवर लिहिणारे.

मग खाती. टॅली आपल्याला २८ ग्रुप तयार देते पण खाती फक्त दोन, कॅश आणि प्रॉफिट अँड लॉस. बाकीची आपण करायची. आमची २१४ झाली. दिवाणजी वहीतून वाचायचे आणि मी टाकायची. ते उमरेडकडचे, सत्तरीला आलेले, मी त्यांना काकाजी म्हणते. एका खात्याला नाव, कोणत्या ग्रुपमध्ये, गाव, जीएसटी नंबर, ओपनिंग बॅलन्स म्हणजे सुरुवातीची बाकी, मग एन्टर एन्टर एन्टर वाय. वरच्या कोपऱ्यात टॅली सतत दाखवत असते की डेबिट इतकं, क्रेडिट इतकं, फरक इतका, पण सगळी खाती टाकून होईपर्यंत फरक राहणारच न, म्हणून तीन दिवसांत त्या कोपऱ्याकडे पाहायची सवयच गेली.

चौथ्या दिवशी सकाळी स्टॉकची यादी पण टाकून झाली. मी ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या डेबिट-क्रेडिटची यादी, उघडला आणि खाली ओळ, डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस, ३६,०००. नावेची म्हणजे डेबिटची बाजू जास्त, जमेची म्हणजे क्रेडिटची कमी.

काकाजींना दाखवलं. ते म्हणाले, "माही तेरीज तं पैशापैशाले जुळली व्हती." तेरीज म्हणजे आपला ट्रायल बॅलन्स. ३१ मार्चची त्यांची तेरीज फुलस्केपच्या चार कागदांवर होती, कूलरच्या हवेनं उडू नये म्हणून वर पितळेची वाटी ठेवलेली. जुळलेली होती, ते मीही पाहिलं होतं. म्हणजे चूक माझी.

तितक्यात भाऊ आले, म्हणाले खाती टाकून झाली ना, मग उधारीची यादी काढून दे, आज वसुलीचे फोन करतो. आता खरं तर मी म्हणायला पाहिजे होतं की थांबा, अजून फरक निघून राहिला. पण चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे कोणी काही मागितलं होतं आणि प्रिंटर पण नवीन होता. संड्री डेटर्सची, म्हणजे ज्यांच्याकडून पैसे यायचे त्यांची यादी प्रिंट करून दिली, तीन पानं. भाऊ खूश होऊन मागच्या खोलीत फोन घेऊन बसले.

इकडे काकाजींनी ३६,००० चा आकडा कागदावर लिहिला आणि नऊनं भाग दिला. ४,०००. "पाह्य, पूर्ण भाग गेला. आकडे उलटे पडले तुह्ये." हे मला क्लासमध्ये कोणीच सांगितलं नव्हतं. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले की जो फरक येतो त्याला नऊनं नेहमी पूर्ण भाग जातो, म्हणजे ६३ चे ३६ लिहिले तर फरक २७. आणि भागून आलेल्या आकड्यावरून जागा पण समजते, ४,००० आले म्हणजे हजार आणि दहा हजाराच्या घरातले दोन आकडे उलटे झाले आणि त्या दोघांत चारचा फरक. म्हणजे ५१ चे १५, ६२ चे २६, ७३ चे ३७, ८४ चे ४८, ९५ चे ५९ असं शोधायचं. इतकं बारीक सांगितल्यावर मला वाटलं दहा मिनिटांत निघते.

दोन तास गेले. १५, २६, ३७ नं सुरू होणारी पाच अंकी रक्कम जिथं दिसली तिथं वहीशी ताडून पाहिली, एकूण अकरा खाती, अकराही बरोबर. मग काकाजींचा दुसरा नियम, फरकाचं अर्धं करायचं, कारण जमेची रक्कम नावे पडली की फरक दुप्पट होतो. अर्धे १८,०००. अठरा हजाराचं खातंच नव्हतं आमच्याकडे. डबा खाल्ला तो पण स्क्रीनकडे पाहत. काकाजींनी डबा उघडलाच नाही.

साडेचारला दुकानाचा फोन वाजला, काकाजींनी उचलला आणि पलीकडचा आवाज मला टेबलाच्या या बाजूला ऐकू येऊन राहिला होता. सावनेरच्या एक बाई. पोरीच्या लग्नाची भांडी घ्यायची म्हणून वर्षभरापासून जमतील तसे पैसे आमच्याकडे आणून ठेवत होत्या. "साडेएकवीस हजार भरले मी, पाच पावत्या हायेत माह्याजोळ, आन तुमचे मालक मलेच म्हणून राहिले का बाई साडेएकवीस हजार बाकी हाय, कवा देता?" काकाजी नुसते हो बाई, हो बाई करत होते. फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही पाहिलं, तेच जास्त लागलं.

झालं असं होतं की त्या बाईंचं पान वहीत गिऱ्हाईकांमध्येच होतं पण रक्कम जमेच्या बाजूला. मी गिऱ्हाईक म्हणून संड्री डेटर्समध्ये टाकलं आणि त्या ग्रुपमध्ये टाकलं की टॅली रकमेपुढे आपोआप डीआर, म्हणजे डेबिट, लावते. बरोबरच आहे, शंभरातल्या नव्व्याण्णव गिऱ्हाईकांकडून आपल्यालाच घ्यायचे असतात. ज्याचा ॲडव्हान्स आहे त्याच्यापुढे आपण जाऊन सीआर, म्हणजे क्रेडिट, करायचं असतं. मी एन्टर मारून पुढं गेली. दोन अक्षरं, आणि ज्या बाईला आम्ही देणं लागतो तिच्याकडेच वसुलीचा फोन.

भाऊंना सांगितलं. ते मला काही बोलले नाही, स्वतःच सावनेरला फोन लावला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बराच वेळ बोलले.

मी खातं उघडून सीआर केलं. आता २१,५०० चे दुप्पट ४३,००० कमी होणार, फरक तर ३६,००० चाच होता. झालं, फरक पलटी मारून दुसऱ्या बाजूला गेला, आता जमा जास्त, ७,०००. मला रडू येऊन राहिलं होतं न काकाजी हसू लागले. "अवं, एक चूक असती तं नऊचा नियम चालला असता. ह्या तं दोन-तीन चुका एकमेकींत बसल्या हायेत." म्हणजे सकाळी नऊनं भाग गेला तो निव्वळ योगायोग. दोन तास आम्ही योगायोगाच्या मागं फिरलो.

मग मात्र मी माझं डोकं लावलं. काकाजींची तेरीज खातेपानाच्या क्रमानं, गिऱ्हाईक, व्यापारी, बँक सगळं एकात एक, म्हणून तिची बेरीज फक्त शेवटीच जुळवता येते. टॅली ग्रुपप्रमाणे बेरीज देते. मी म्हटलं काकाजी, तुमच्या कागदावर आपण गिऱ्हाईकांना लाल टिक करू, ज्यांना द्यायचे त्यांना निळी, आणि प्रत्येकाची वेगळी बेरीज काढू. त्यांनी तोंडी केली, मी कॅल्क्युलेटरवर. त्यांची आधी झाली.

गिऱ्हाईकं जुळली. बँक, रोख, भांडवल जुळलं. देण्यांमध्ये टॅली २,७०० नं कमी. काकाजींनी नऊनं भागलं, ३००, म्हणजे शेकडा आणि हजाराच्या घरात तीनचा फरक, आणि बोट यादीवरून खाली आणत एका व्यापाऱ्यावर थांबवलं. वहीत ८६,३४०, माझ्याकडे ८३,६४०. मिनिटसुद्धा लागलं नाही. दुरुस्त केलं, आणि फरक ७,००० चा ९,७०० झाला. चूक काढली की फरक वाढतो हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, पण आता घाबरली नाही, कारण फक्त स्टॉक राहिला होता.

स्टॉक समरी उघडली, एक एक ओळ खाली गेली. कढई, बारा इंची, २० नग, आणि किमतीचा रकाना कोरा. गोदामातल्या पोरांनी यादीत नग लिहिले होते, भाव लिहिलाच नव्हता, आणि मी पण जसं होतं तसं टाकलं. काकाजींनी जुना भाव सांगितला, ४८५. वीस नगांचे बरोबर ९,७००.

वाजले होते साडेआठ, अर्धी शटरं पडली होती. ट्रायल बॅलन्स परत उघडला. मी शून्य पाहायला टपलेली, आणि तिथं शून्य नाही, ती ओळच नाही. फरक संपला की टॅली ती ओळ दाखवतच नाही.

काकाजी चष्मा वर करून स्क्रीनच्या अगदी जवळ आले. "कुठं गेली?"

मी म्हटलं, जुळलं काकाजी, म्हणून गेली.

"ते तू म्हणतं. मले कसं समजन?"

मग मी ट्रायल बॅलन्स पूर्ण उघडून प्रिंट काढली. त्यांनी वाटी उचलून तो कागद स्वतःच्या तेरीजेवर ठेवला, कानामागची पेन्सिल काढली आणि नावेच्या बाजूच्या पहिल्या आकड्यापासून बेरजेला सुरुवात केली. मी कूलर बंद केला आणि बाजूच्या स्टुलावर बसली.