लिमलेट पाडणीची हवा: पाक ओतण्यापासून पाणी काढण्यापर्यंत

लिमलेटच्या गोळ्यांसाठी गरम पाक साच्यात ओतायचा, म्हणजे पाडणीचा, दाबलेल्या हवेवर चालणारा सिलिंडर आता नीट चालतोय. ३२ मिमी बोअर (आतला व्यास), ५० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), ५/२ सोलेनॉइड व्हॉल्व्ह (पिस्टन पुढे-मागे करायला हवेची वाट बदलणारा विजेचा व्हॉल्व्ह). ३ बारला साधारण २४ किलोचा रेटा मिळतो आणि १३५ अंशांच्या पाकाला तेवढा पुरतो. दाब वाढवला की पाक साच्यात आपटतो, बुडबुडे अडकतात, शिंतोडे हातावर येतात. वेग कमी-जास्त करायचा तर फ्लो कंट्रोल (हवेचा प्रवाह कमी-जास्त करणारा स्क्रू) फिरवा, दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरला हात लावू नका. प्रत्येक ओतीनंतर पिस्टन जरासा मागे ओढून घेतला तर नोझलखाली तार लोंबत नाही.

साध्या सिलिंडरची सिलं नायट्राइल रबराची असतात, ८० अंशांच्या वर टिकत नाहीत. म्हणून सिलिंडर पाकाच्या भांड्यापासून लांब ठेवून मधल्या दांड्यात टेफ्लॉनचा तुकडा घातलाय. पाकातला पिस्टन वेगळा, स्टेनलेसचा.

सगळ्यात जास्त लक्ष मागतं ते हवेतलं पाणी. गोळी साच्यातून सुटावी म्हणून कडेला हवेचा झोत मारतो, त्यात एक थेंब आला तरी त्या जागी साखर विरघळते. आधी गोळी चिकटते, मग तिथूनच साखरेचे खडे धरतात आणि पांढरा डाग पडतो. कॉम्प्रेसर ऑइल-फ्री असला तर तेल टळतं, पाणी नाही.

लातूर-नांदेडकडे ऑगस्टात ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता धरा. एका घनमीटर हवेत २४ ग्रॅम पाणी असतं. तीच हवा ७ बारला दाबून परत ३० अंशांवर आणली की तिच्यात जेमतेम ४ ग्रॅम मावतं, उरलेले २० ग्रॅम थेंब होऊन बाहेर पडतात. मे महिन्यात ४० अंश, २० टक्के धरून हाच हिशेब ४ ग्रॅमवर येतो. उन्हाळ्यात ठीक चाललेली मांडणी पावसाळ्यात का दगा देते, ते इथं कळतं.

फिल्टर कॉम्प्रेसरला लागूनच बसवला तर गरम हवेतली वाफ त्यातून सरळ निसटते आणि पुढे नळीत गार होऊन थेंब धरते. त्यामुळे टाकीनंतर ५ मीटर तांब्याची नळी उतार देऊन, मग वॉटर सेपरेटर, ०.०१ मायक्रॉनचा कोअलेसिंग फिल्टर (बारीक तुषार एकत्र करून थेंब पाडणारा), ओल शोषणारं सिलिका जेल, धुळीचा फिल्टर आणि शेवटी रेग्युलेटर. जेल नारंगी रंगाचंच घ्या. निळ्यात कोबाल्ट असतं, ते खाण्याच्या वस्तूजवळ नको. नारंगीचं हिरवं झालं की १२० अंशांवर भाजून पुन्हा वापरता येतं. टाकीचा ड्रेन रोज, थोडा दाब असतानाच उघडायचा.

सोलेनॉइडची एक्झॉस्ट हवा नळीने टेबलाबाहेर सोडलीय, कारण सिलिंडरमधलं वंगण तिच्यासोबत येतं. वंगणही फूड ग्रेड, एच१ खुणेचंच (चुकून खाण्याला लागलं तरी चालेल असं).

आता अडलंय ते उन्हाळ्यावर. गोळी ४० अंशांखाली आल्याशिवाय कडक होत नाही, आणि मे महिन्यात खोलीच तेवढी तापते. कूलर तर अजिबात लावू नये, तो हवेत ओल भरतो आणि गोळ्यांना पाणी सुटतं. व्होर्टेक्स ट्यूबने (दाबाची हवा आत फिरवून तिचे गरम आणि गार असे दोन झोत करणाऱ्या नळीने) गार झोत मिळतो, पण मधल्या मापाची ट्यूब मिनिटाला २८० लिटरच्या आसपास हवा खाते. १ एचपीच्या कॉम्प्रेसरला ते झेपत नाही. तोवर उन्हाळ्यातली पाडणी पहाटे, आणि गोळी गार होताच हवाबंद डब्यात.