राजवाड्याची शाकारणी

ठाण्यात राजवाडा नाही. किल्ला आहे, पोर्तुगीजांनी 1730 मध्ये बांधायला घेतलेला, मराठ्यांनी 1737 मध्ये जिंकलेला. इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला आणि आजही तिथे मध्यवर्ती कारागृहच आहे. पण 2014 मध्ये पालघर वेगळं होईपर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यात एक आख्खं संस्थान सामावलेलं होतं, जव्हारचं. माझे बाबा सत्तरच्या दशकात तिथल्या तहसील कचेरीत कारकून होते. लहानपणापासून जव्हारच्या राजवाड्याबद्दल मी इतकं ऐकलंय की न बघताच तो ओळखीचा झाला होता. फेब्रुवारीअखेर बाबांना गाडीत घातलं आणि नौपाड्यातून सकाळी सहाला निघालो.

भिवंडी मागे टाकून वाडा गावाच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना वीटभट्ट्या दिसू लागतात. बाबा खिडकीतून बघत म्हणाले, "ही बहुतेक जव्हार-मोखाड्याची माणसं. दिवाळी झाली की उचल घेऊन खाली येतात, पाऊस तोंडावर आला की वर जातात. मी होतो तेव्हाही हेच." विक्रमगडनंतर घाट लागला, पळस फुललेला होता, हवा बदलली.

जयविलास राजवाडा गावाच्या बाहेर, काजूच्या झाडांमध्ये उंचावर उभा आहे. गुलाबी छटेचा दगड, घुमट, समोर पायऱ्या. राजस्थानच्या महालांच्या मानाने लहान. पण दगडावर हात ठेवला तर तासणीच्या टाकीच्या खुणा बोटांना लागतात आणि सांधे इतके घट्ट की मधे नख जात नाही. राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळातली ही वास्तू. ते दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते, 1948 मध्ये संस्थान विलीन झालं, पुढे ते लोकसभेवरही निवडून गेले. हे आदिवासी कोळी घराणं चौदाव्या शतकापासूनचं. सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराजांचा इथे सत्कार झाला, ती शिरपामाळ गावाजवळच आहे.

बाबा पायऱ्यांपाशी थांबले. "मी 1974 मध्ये एक कागद द्यायला आलो होतो. व्हरांड्यापर्यंत. आत काय असेल याचा विचार करत परत गेलो." या वेळी मात्र ते आत गेले. तसबिरी, जुनं फर्निचर, उंच छत. सगळं हळूहळू बघितलं आणि वर बघून म्हणाले, "याची शाकारणी करायला किती लागत असतील?"

मला तो प्रश्न फार नेमका वाटला. बाबांच्या जव्हारच्या क्वार्टरला कौलं होती. दर मे महिन्यात माणूस बोलावून ती चाळून घ्यायची, फुटकी बदलायची. एका वर्षी राहून गेलं तर आईने पूर्ण पावसाळा पातेली मांडून काढला. दोन खोल्यांची ही कथा, तर राजवाड्याचं काय? चार महिने कोसळणाऱ्या पावसात घुमट, गच्च्या, पन्हळी कोण सांभाळणार?

राजवाड्यांची हॉटेलं झाली ती मुळात याच प्रश्नामुळे, असं माझं मत आहे. विलीनीकरणानंतर राज्य गेलं, महसूल गेला, पण वाडे घराण्यांकडे राहिले. ज्यांना अंदाज आला त्यांनी लवकर पावलं उचलली. जयपूरच्या सवाई मानसिंहांनी 1957 मध्ये रामबागचं हॉटेल केलं, उदयपूरच्या भगवतसिंहांनी 1963 मध्ये तळ्यातला जगनिवास पाहुण्यांना खुला केला. मग 1971 मध्ये 26 व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे बंद झाले आणि उरलेल्यांनाही विचार करावाच लागला. जोधपूरचा उमेद भवन तर मुळात दुष्काळी काम म्हणून काढलेला, 1929 ते 1943. हाताला काम द्यायला बांधलेला महाल आज हॉटेल म्हणून पुन्हा हाताला काम देतो, एका भागात घराणंही राहतं. ही गोष्ट मला मनापासून आवडते.

तेवढ्या भव्यतेची गरजही नाही. मागच्या वर्षी आम्ही ठाण्याहून कोकण रेल्वेने सावंतवाडीला गेलो होतो. भोसले घराण्याने तिथे राजवाड्याच्या आवारात मोजक्या खोल्यांचं हॉटेल केलंय, गंजिफा या हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या खेळाच्या कल्पनेवर. दरबार हॉलमध्ये एक बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या, डाव्या हाताच्या चिमटीत रुपयाहून थोडा मोठा गोल पत्ता, उजव्या हातात चार केसांचा कुंचला. मत्स्यावताराचा एक-एक खवला त्या काढत होत्या, श्वास रोखून. दशावतारी गंजिफाचे पत्ते 120, दहा अवतारांचे बारा-बारा. पाहुणे येतात म्हणून पत्ते विकले जातात, पत्ते विकले जातात म्हणून कुंचला चालतो. तिथे मला वारसा या शब्दाचा अर्थ हाताला लागल्यासारखा वाटला.

जयविलासच्या गच्चीकडे बघताना तेच मनात येत होतं. सरकारी नियमांत हेरिटेज हॉटेलसाठी 1950 पूर्वीची वास्तू आणि किमान पाच खोल्या लागतात. पाच खोल्या! भिंतींवर इथल्याच हातांची वारली चित्रं, ताटात नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी, रात्री तारपा. वाडा घराण्याचा, निर्णयही त्यांचाच, पण असं झालं तर मी ठाण्यातून पहिली खोली घेईन. एकच अट मनात आहे: गावच्या माणसाला पायऱ्या चढायला चोरी वाटता कामा नये. बड्या महाल-हॉटेलांच्या फाटकाशी ती वाटते, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

परतताना संध्याकाळी वाडा गावाच्या अलीकडे बाबांनी गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याकडेच्या भट्टीवर एक बाई चूल पेटवत होती, मागे कच्च्या विटांच्या रांगा, त्यावर दोन पोरं खेळत होती.

"कुठल्या गावची गं तू?" बाबांनी विचारलं.

"जव्हारची."

"आम्ही आत्ता तिथूनच आलो. राजवाडा बघितला."

ती उठून उभी राहिली. "आतून? मी नाही गेले कधी. कसा आहे हो?"

बाबा गाडीतून उतरले, काठी टेकली आणि सांगू लागले, पहिल्या पायरीपासून.